आत हाय

मराठवाड्यातल्या शाळकरी पोराच्या वाट्याला वर्षाला चार झेंडे येतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि १७ सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. राज्यातल्या बाकीच्या पोरांना तीनच. हा चौथा झेंडा फक्त आपला, याचा आम्हाला लहानपणी केवढा अभिमान होता! आमच्याकडे 'झेंडा' हा दिवसाचाही शब्द आहे. 'झेंडा झाला की रानात जाऊ', 'झेंड्याच्या आदल्या राती पाऊस पडला', असं लोक सहज बोलतात.

माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. गाव मुखेड तालुक्यातलं, उदगीरला जा की नांदेडला, एसटीने सोयीचं. शाळेचा झेंडा बांधायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे. आदल्या रात्री जेवणं झाली की ते सतरंजी झटकून अंथरत, हात धुऊन येत आणि ट्रंकेतला झेंडा काढून पसरत. सुरकुत्या तळहाताने काढायच्या, पितळी तांब्यात निखारे घालून तो फिरवायचा, मग चुण्या घालत घालत घडी. घडीत पाकळ्या भरायचं काम माझं. गुलाब नसला तर झेंडू, तोही नसला तर गुलबक्षी. शेवटची गाठ मात्र ते कुणाला बांधू देत नसत. वाऱ्याने सुटायची नाही आणि हिसक्याने सुटलीच पाहिजे, अशी ती गाठ. सरपंचांनी दोरी ओढल्यावर झेंडा उलगडेपर्यंतचा जो क्षणभर असतो, त्यात बाबांचा श्वास अडकलेला मी शेजारी उभा राहून ऐकलेला आहे.

मी सहावीत असताना तो झेंडा फाटला. हिरव्या पट्टीचं टोक वाऱ्याने झडझडून सुटं झालं होतं, सुतं लोंबत होती. नवा आला. जुन्याचं काय करायचं, हे बाबांनी सरकारी परिपत्रकात वाचून ठेवलं होतं. फाटका झेंडा फेकायचा नाही, पुसायला वापरायचा नाही. एकांतात, शक्यतो जाळून, अखंडच्या अखंड नाहीसा करायचा. एका रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं ओढ्याकाठी गेलो. बाबांनी चपला काढल्या म्हणून मीही काढल्या. खड्डा केला, त्यात काटक्या, त्यावर घडी. जळताना जो वास आला तो ओळखीचा होता. देवापुढची वात विझते तेव्हाचा. थोड्या वेळाने खड्ड्यात पांढुरकी राख उरली, फुंकरीने उडेल इतकी हलकी. बाबांनी वरून माती ओढली. घरी येईपर्यंत ते काही बोलले नाहीत.

आजी चुलीपुढे भाकरी थापत होती. "जाळलास का रे?" तिने विचारलं. बाबा हो म्हणाले. हात न थांबवता आजी म्हणाली, "आपला न्हाई जाळला म्या."

"आपला कुठला?"

"रझाकारातला."

आमच्या भागात काळाच्या खुणा वेगळ्या असतात. बहात्तरचा दुष्काळ, त्र्याण्णवचा भूकंप, आणि या सगळ्याच्या आधी रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांचा काळ. 'रझाकारात जन्मला', 'रझाकाराच्या आधी दोन वर्षं लग्न झालं', असं म्हातारी माणसं सांगतात आणि ऐकणाऱ्याला साल कळतं. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, तेव्हा औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे मराठवाड्याचे तेव्हाचे पाचही जिल्हे हैदराबादच्या निजामाच्या ताब्यात होते. मीर उस्मान अली खान याने भारतात सामील व्हायला नकार दिला होता. ७ ऑगस्टला हैदराबाद स्टेट काँग्रेसने 'भारतात सामील व्हा' दिन पाळला, त्याच महिन्यात तिचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली, आणि गावोगाव तिरंगा लावणं हाच सत्याग्रह ठरला. कापडाचे तीन तुकडे काठीला बांधले की माणूस तुरुंगात जायचा.

निजामाचा स्वतःचा झेंडा पिवळा होता आणि त्याच्या मधोमध एक पांढरी गोल चकती. ती चकती म्हणजे कुलचा, म्हणजे भाजलेली रोटी. त्याची दंतकथा आमच्याच मातीतली आहे. असफजाही घराण्याचा मूळ पुरुष निजाम-उल-मुल्क हा सूफी संत निजामुद्दीन औरंगाबादी यांच्याकडे गेला, संतांनी पिवळ्या कापडात बांधलेले कुलचे त्याच्यापुढे ठेवले, त्याने सात खाल्ले, आणि तुझ्या सात पिढ्या राज्य करतील असा आशीर्वाद मिळाला. राज्य मिळाल्यावर त्याने ते कापड आणि ती रोटी निशाणावर घेतली. या संतांचा दर्गा आजही औरंगाबादेत, आता छत्रपती संभाजीनगरात, आहे. मीर उस्मान अली खान हा सातवा निजाम. दंतकथा खरी की मागाहून जुळवलेली, यात मला शिरायचं नाही. मला गोष्ट आवडते ती तिच्यातल्या भुकेमुळे. आजी त्याला 'भाकरीचा झेंडा' म्हणायची, आणि म्हणताना तिच्या बोलण्यात राग नसायचा. राग होता तो त्या झेंड्याखाली घोड्यावरून येणाऱ्यांवर. लातूरचा वकील कासिम रझवी याची रझाकार संघटना गावांतून लुटालूट, जाळपोळ करत होती, तो राग तिच्या शेवटपर्यंत गेला नाही.

आमच्या घरचा झेंडा तिने स्वतः केला होता. तेव्हा ती सतरा-अठरा वर्षांची. पांढरी पट्टी आजोबांच्या धोतराची. हिरवी तिच्या लग्नातल्या इरकली लुगड्याची, पदराकडची. केशरी कापड घरात नव्हतं, म्हणून होळीसाठी वाळवून ठेवलेली पळसाची फुलं उकळून त्यात धोतराचाच दुसरा तुकडा बुडवला. मध्ये निळीने चरखा काढला तो आजोबांनी. "त्यो चरका न्हवंच, बैलगाडीचं चाक दिसत व्हतं," ती सांगायची. आजोबांनी फार मोठं काही केलेलं नव्हतं. शिंदीची झाडं तोडायच्या सत्याग्रहात गेले, रात्री-अपरात्री निरोप पोचवले. पण घरात तो झेंडा सापडला असता तर तेवढंच पुरे होतं. म्हणून तो बळदात गेला. जुन्या घरांच्या भिंतीत धान्य साठवायला जो पोकळ कप्पा असतो तो बळद. वर ज्वारी ओतली, तोंड लिंपून घेतलं. ज्वारी संपत आली की दुसऱ्याच्या घरून उसनी आणायची, पण बळद तळापर्यंत उकरायचं नाही, असं ते वर्ष गेलं.

मी एकदा मोजलं. १५ ऑगस्ट १९४७ पासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत ३९९ दिवस होतात.

१३ सप्टेंबरला 'पोलीस ॲक्शन' म्हणून भारतीय फौजा शिरल्या, १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. गावात बातमी दुसऱ्या दिवशी आली. आजोबांनी बळद फोडलं आणि वेशीजवळच्या लिंबावर झेंडा बांधला. त्यावर चरखाच होता. राष्ट्रध्वजावर आता चक्र आहे, हे आमच्या गावात कुणाला ठाऊक नव्हतं. त्या दिवसाबद्दल मी आजीला खोदून खोदून विचारायचो. मला ढोल, गुलाल, घोषणा हव्या होत्या. तिने ते कधी सांगितलं नाही. "त्या साली गावातल्या दोन घरांला कुलपं लागली," एवढंच म्हणायची, आणि ती घरं कुणाची होती हे न सांगता उठायची. मोठेपणी सुंदरलाल समितीबद्दल वाचलं तेव्हा कळलं. पोलीस ॲक्शननंतर निरपराध मुसलमानांची जी कत्तल झाली, तिची चौकशी करून या समितीने सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही नावं लिहिली होती. हा अहवाल कित्येक वर्षं लोकांपुढे आला नाही. १७ सप्टेंबरला मी अजूनही छाती भरून झेंड्याला सलाम करतो. ती दोन कुलपंही तेव्हा डोळ्यांपुढे असतात, आणि ती असावीत असं मला वाटतं.

तर तो झेंडा. लिंबावर पावसापाण्यात राहून विटला, फाटला. आजीने उतरवून धुतला, आणि त्या हिवाळ्यात वाकळ शिवायला घेतली तेव्हा जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये घालून शिवून टाकला. पुढच्या वर्षी बाबा जन्मले. घरात तिने शिवलेल्या पाच-सहा वाकळा होत्या.

"कुठल्या वाकळंत?" मी विचारलं.

"कामून इचारलालास? आत हाय."

यापुढे ती कधी बोलली नाही. बाबा मात्र त्या रात्री अस्वस्थ होते. झेंड्याचं पांघरूण करू नये, अंथरूण करू नये, झेंड्याने काही झाकू नये, हे त्यांना पाठ होतं. आईला काय बोलणार? ते झोपायला गेले आणि मी पाहिलं, त्यांनी वाकळ न घेता चादर घेतली.

नियम बाबांचा बरोबर होता. तरी आजीचं चुकलं असं म्हणवत नाही. हा गुंता घेऊन मी पुढे बरंच वाचलं, आणि वाचताना सारखा त्या वाकड्या चरख्यापाशी येऊन थांबलो.

राष्ट्रध्वजाचा इतिहास शाळेत सांगतात तो असा: पिंगली वेंकय्यांनी १९१६ साली ध्वजांच्या तीस नमुन्यांची पुस्तिका काढली, १९२१ मध्ये बेझवाड्याला त्यांनी गांधीजींना लाल-हिरवा नमुना दाखवला, जालंधरच्या लाला हंसराजांनी त्यावर चरखा सुचवला, गांधीजींनी पांढरा पट्टा घालायला सांगितलं. तेव्हा पांढरा सर्वांत वर होता, मध्ये हिरवा, खाली लाल. रंग म्हणजे धर्म असा अर्थ लावला गेला, त्यावर वाद झाले, आणि १९३१ मध्ये काँग्रेसने लालाच्या जागी केशरी आणला, क्रम आजच्यासारखा केला आणि या रंगांना धार्मिक अर्थ नाही असं ठरावातच लिहिलं. चरखा मध्ये राहिला. चरख्याच्या झेंड्यासाठी त्याआधी १९२३ मध्ये नागपूरला सत्याग्रह झाला होता, शेकडो लोक तुरुंगात गेले होते. आजोबांनी निळीने काढला तो हाच चरखा.

मग २२ जुलै १९४७. घटना समितीत पंडित नेहरूंनी ध्वजाचा ठराव मांडला. त्या दिवशी त्यांनी दोन झेंडे सभागृहात आणले होते. एक रेशमी, एक सुती खादीचा. चरखा का बदलला याचं त्यांनी दिलेलं कारण मला फार आवडतं, कारण ते कारागिराचं कारण आहे. चरख्याला एका बाजूला चाक असतं, दुसऱ्या बाजूला सूत गुंडाळणारी चाती. झेंड्याच्या एका अंगाने पाहिलं तर चाक डावीकडे येतं, उलट अंगाने पाहिलं तर उजवीकडे. झेंडा तर दोन्हीकडून सारखा दिसायला हवा. म्हणून चरख्यातलं चाक तेवढं ठेवलं, आणि चाकाचा आकार सारनाथच्या अशोकस्तंभाच्या शीर्षावरचा घेतला. ठरावाचे शब्द नीट वाचले तर त्यात गडद निळं चक्र 'चरख्याचं प्रतीक म्हणून' असंच लिहिलेलं आहे. अशोक त्याच्या पुढच्या वाक्यात येतो.

गांधीजींना हा बदल रुचला नाही. चरखा नसेल तर मी त्या झेंड्याला वंदन करणार नाही, इथपर्यंत ते बोलले. चाक कोणाचंही असू शकतं, चरखा कष्टाचा असतो, असं काहीसं त्यांच्या मनात असावं. पण ते झेंड्याच्या कापडाकडे पाहत होते तेव्हा चरखा गेलेलाच नव्हता. झेंडा हाताने कातलेल्या, हाताने विणलेल्या खादीचाच असला पाहिजे, असा दंडक पुढे झाला. चरखा चित्रातून उतरला आणि सुतात जाऊन बसला. दिसत नव्हता, पण प्रत्येक धाग्यात होता. आजीचे शब्द मला इथे पहिल्यांदा कळले.

आणखी एक. १४ ऑगस्टच्या मध्यरात्री घटना समितीला जो ध्वज अर्पण झाला, तो हंसा मेहतांनी भारतातल्या स्त्रियांच्या वतीने दिला होता. ते वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे दिल्लीचं सभागृह आलं नाही. पळसाच्या पाण्यात बुडवलेली केशरी बोटं आली.

चक्राबद्दल आपल्याकडे एक तक्ता फिरतो. चोवीस आरे म्हणजे चोवीस सद्गुण, पहिला अमुक, दुसरा तमुक. शाळांच्या भिंतींवर रंगवलेला असतो. ठरावात या यादीचा मागमूस नाही. त्या दिवशीच्या भाषणांत डॉ. राधाकृष्णन यांनी जे सांगितलं ते मात्र मुलांना जरूर सांगावं: केशरी हा त्यागाचा, पांढरा प्रकाशाचा आणि सत्याच्या वाटेचा, हिरवा आपलं मातीशी आणि ज्या झाडपाल्यावर सगळे जगतात त्याच्याशी असलेलं नातं, आणि चक्र म्हणजे धर्माचा कायदा आणि गती. थांबणं म्हणजे मरण, असंही ते म्हणाले. हिरव्याचा हा अर्थ शेतकऱ्याच्या पोराला समजावून सांगावा लागत नाही. पावसाने ओढ दिलेल्या जुलैत पऱ्हाटीकडे पाहत बांधावर उभं राहिलं की तो पुरेपूर कळतो.

आणि ते सारनाथचं चाक पाहायला आम्हाला फार लांब जावं लागत नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात गाभाऱ्यातला बुद्ध धर्मचक्र मुद्रेत बसलेला आहे, आणि त्याच्या आसनावर चक्र आणि हरणं कोरलेली आहेत. सारनाथच्या मृगवनातला तो पहिला उपदेश. लोक पद्मपाणीचं चित्र पाहून मागे फिरतात. मी पोरांना घेऊन गेलो होतो तेव्हा खाली वाकून त्यांना ते चक्र दाखवलं. धाकटी म्हणाली, "झेंड्यातलं?" मी हो म्हणालो.

आता सुताकडे येतो, कारण मला खरं सांगायचंय ते सुतातच आहे.

देशात राष्ट्रध्वज शास्त्रशुद्ध पद्धतीने बनवणारी ठिकाणं हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी. कर्नाटकातलं हुबळीजवळचं बेंगेरी त्यांत प्रसिद्ध आहे. पण आमच्या मराठवाड्यातही झेंड्याचं कापड उदगीरला विणलं जातं आणि नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत झेंडे शिवले जातात. हे माझ्या गावाच्या अलीकडे-पलीकडे, एसटीच्या दोन फाट्यांवर चालू होतं आणि मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. ज्या भागाचा उल्लेख बातम्यांत दुष्काळ आणि आत्महत्या यांच्यापलीकडे क्वचित होतो, त्याच भागाने ३९९ दिवस झेंडा लपवला आणि नंतर तोच देशाला शिवून दिला. हे आमच्या पाठ्यपुस्तकात एका ओळीने तरी असायला हवं होतं.

उदगीरला मी मुद्दाम गेलो. धुनकलेल्या कापसाचा पेळू, त्यातून ओढला जाणारा धागा, चातीवर भरत जाणारं सूत. ज्या बाई कातत होत्या त्यांनी मला पेळू हातात दिला आणि ओढून बघा म्हणाल्या. माझा धागा तीनदा तुटला. त्यांच्या हातात तो न तुटता वाहत होता, आणि नजर माझ्याकडे होती. पलीकडे मागावर धोट्याची खटखट. उभा धागा, आडवा धागा. झेंड्याच्या कापडाला साध्या खादीची मोकळीक चालत नाही. विणीची दाटी, वजन, ताकद, रंगाचा पक्केपणा, सगळं तपासलं जातं. भारतात मानकं ठरवायला सुरुवात झाली तेव्हा पहिलं मानक काढलं ते राष्ट्रध्वजाचं. म्हणून त्याचा क्रमांकच 'आयएस १' आहे. १९५१ चं ते मानक, पुढे १९६८ मध्ये नवं केलं. सिमेंट, लोखंड, तेल, साबण सगळं त्याच्यानंतर.

त्या मानकात झेंड्याचे नऊ आकार ठरलेले आहेत. सर्वांत मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, म्हणजे आमच्या शाळेच्या वर्गखोलीपेक्षा लांब असावा. सर्वांत लहान १५० बाय १००, टेबलावरचा. प्रमाण नेहमी तीनास दोन. १८०० बाय १२०० च्या झेंड्यात पांढरी पट्टी ४०० मिलिमीटर रुंद आणि चक्राचा व्यास ३७०. नांदेडला शिवणाऱ्या बायकांना हे आकडे विचारावे लागत नाहीत. तीन पट्ट्या जोडताना शिवणीत किती कापड जाईल, हे त्यांची बोटं जाणतात. चक्र दोन्ही अंगांनी छापतात, आणि दोन्हींकडचे आरे एकमेकांवर तंतोतंत बसले पाहिजेत. एका बाईंनी मला झेंडा उजेडापुढे धरून दाखवला. उजेड आरपार आला आणि चक्र एकच दिसलं. काठीच्या बाजूला जाड कापडाची नेफ्यासारखी पट्टी, तिच्यात दोर, दोराच्या टोकाला लाकडी गुल्ली. बाहेर पडलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या आवारातलं निशाण साहिब, म्हणजे शिखांचा झेंडा, लांबून दिसत होतं. या गावाला निशाणाची अदब नवी नाही, असं तेव्हा वाटलं.

३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहितेत बदल झाला. यंत्रावर बनवलेला आणि पॉलिस्टरचा झेंडाही चालेल असं ठरलं. पुढच्या ऑगस्टमध्ये घरोघरी तिरंगा लागला. मी तो उत्साह पाहिलाय आणि तो खोटा नव्हता. आमच्या गल्लीतल्या रिक्षावाल्याने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा झेंडा विकत घेतला आणि दिवसातून चार वेळा बाहेर येऊन त्याकडे पाहिलं. सामान्य माणसाला वर्षभर झेंडा लावायचा हक्क मिळाला तोच मुळी २००२ च्या ध्वजसंहितेने, आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मूलभूत हक्क मानला. त्याआधी आपण आपलाच झेंडा ठरावीक दिवशी लावू शकत होतो. तेव्हा स्वस्त झेंडा गरिबाच्या दारात पोचला याचं मला दुःख कसं असेल?

दुःख दुसरं आहे. १९४७ मध्ये चरखा चित्रातून निघाला तेव्हा त्याला जायला कापड होतं. आता कापडातूनही निघाल्यावर तो कुठे जाईल? उदगीरच्या त्या बाईंच्या हातातला धागा देशाच्या झेंड्याच्या काठीवर जात होता, हा त्यांचा मान होता. तो मान परवडण्या-न परवडण्याच्या हिशेबात मोडू नये, असं मला कळकळीने वाटतं. खादीचा झेंडा शाळेला, ग्रामपंचायतीला परवडेल अशी व्यवस्था करता आली असती. अजूनही करता येईल. त्यात अवघड काही नाही, फक्त झेंडा काढून ठेवल्यावरही त्याची आठवण राहायला हवी.

त्या ऑगस्टच्या शेवटी मी गल्लीतले फाटके, गटारीकडेला पडलेले झेंडे गोळा केले. बाबांनी शिकवलं होतं तसं करायचं ठरवलं. गावाकडे नेले, ओढ्याकाठी खड्डा केला, चपला काढल्या. पॉलिस्टर सुतासारखं जळत नाही. ते आक्रसतं, वितळतं, त्याचे काळे थेंब पडतात आणि थेंबांना ज्योत चिकटून राहते. घसा धरणारा धूर आला. केशरी आणि हिरवा एकमेकांत वितळून काळा गोळा झाला. मी पाणी ओतून विझवलं. तो गोळा मातीत पुरला, पण माती त्याला कधी आपलं म्हणणार नाही हे मला पुरताना कळत होतं. उरलेले झेंडे परत आणले. ते कपाटात आहेत, धुऊन, घडी घालून.

आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. बाबाही गेले. गावच्या घराची वाटणी झाली तेव्हा भावंडांनी भांडी घेतली, मी एक वाकळ मागून घेतली. सगळ्यांत जुनी, सगळ्यांत जड. इतक्यांदा धुतली आहे की वरच्या लुगड्यांचे रंग ओळखू येत नाहीत. धावदोरे मात्र शाबूत आहेत, जवळजवळ, मुंग्यांच्या रांगेसारखे. माझ्या मुलीचं म्हणणं, एका कडेची शिवण उसवून बघू या, परत घालता येईल. कात्री तिने आणलीही होती. मी नको म्हणालो.

मागच्या १७ सप्टेंबरला मी छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातल्या मुक्तिसंग्राम स्मृतिस्तंभापाशी झेंड्याला जाऊन आलो. चार-पाच दिवस पाऊस होता, त्या सकाळी उघडलं होतं. भादव्याचं ऊन पडलं की आजी घरातल्या सगळ्या वाकळा काढून वाळत घालायची, पावसाळ्याचा ओल्या कापडाचा वास जायला. मी ती एकच वाकळ गच्चीवर नेली आणि कठड्यावर टाकली. वारा चांगला होता. वाकळ जड, तरी तिचं खालचं टोक हलत होतं. तिसऱ्या प्रहरी आभाळ आलं तेव्हा घडी घालून खाली आणली.